एकलव्याचा अंगठा आणि बाणाची खाच

१/१७
समाजमाध्यमांवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. आजचे तिरंदाज अंगठा न लावता तर्जनी आणि मधल्या बोटांनी प्रत्यंचा ओढतात. ही पद्धत एकलव्याची. म्हणून एकलव्य हा आधुनिक तिरंदाजीचा जनक. वरवर पाहता हा गौरव आहे. प्रत्यक्षात ही एका अन्यायाची सफाई आहे, आणि तिचा खोटेपणा बाणाच्या मागच्या टोकावरील एका लहानशा खाचेतून उघडा पडतो.

२/१७
आधी कथा. निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा कापून देतो. लोकप्रिय कथन येथे संपते. महाभारत संपत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत (आदिपर्व, संपादक वि. सी. सुखटणकर, १९३३) पुढचा तपशील स्पष्ट आहे. त्यानंतर तो बोटांनी धनुष्य ओढू लागला. परंतु त्याचा पूर्वीचा वेग राहिला नाही.

३/१७
लगेच पुढे अर्जुनाची चिंता मिटल्याचे सांगितले आहे. म्हणजे कथाकाराच्या दृष्टीने बोटांची पद्धत हा शोध नव्हता, ती हानी होती. तो वेग गेला म्हणूनच अर्जुन निश्चिंत झाला. जो संदेश ह्या हानीलाच 'नवी पद्धत' म्हणून मिरवतो, तो मूळ कथेच्या नेमक्या विरुद्ध बोलतो.

४/१७
आता खाचेकडे. बाणाची चर्चा नेहमी पुढून होते. पाते किती तीक्ष्ण, धनुष्य किती जड, नेम किती दूरचा. परंतु धनुष्यातील सारी शक्ती बाणात शिरते ती मागच्या टोकातून, प्रत्यंचा जेथे बसते त्या खाचेतून. आजचे खेळाडू तिला 'नॉक' म्हणतात. संस्कृतात बाणाच्या पिसे लावलेल्या मागच्या भागाला 'पुंख' म्हणतात. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण काढू पाहणाऱ्या दिलीपाची बोटे खिळून राहतात, ती ह्याच पुंखाला.

५/१७
खाच घट्ट असेल तर बाण प्रत्यंचेपासून वेळेवर सुटत नाही. सुटताना त्याच्या शेपटीला झटका बसतो, आणि तो झटका प्रत्येक वेळी निराळा असतो. नेम तोच, हात तोच, तरी बाण कधी वर, कधी खाली. धनुर्धर स्वतःच्या हाताला दोष देत राहतो आणि दोष असतो केसभर अरुंद राहिलेल्या खाचेत.

६/१७
खाच सैल असेल तर संकट अधिक मोठे. ओढताना बाण प्रत्यंचेवरून घसरतो. तो निसटला आणि प्रत्यंचा रिकामीच सुटली, तर बाणाने न्यावयाची शक्ती धनुष्यातच उलटते. लाकडी किंवा शिंगाचे धनुष्य त्याने तडकू शकते. म्हणून जुनी कसोटी अशी : बाण प्रत्यंचेला लावून खाली लोंबू द्यावा. तो आपल्या वजनाने पडू नये. प्रत्यंचेवर बोटाने हलकी टिचकी मारताच पडावा.

७/१७
ही कसोटी साधण्यासाठी कारागीर दोन्हीकडून काम करतो. खाच कोरताना ती प्रत्यंचेच्या जाडीला जुळवतो, आणि प्रत्यंचेच्या मध्यभागी गुंडाळलेल्या दोऱ्याचे वेढे कमी-अधिक करून प्रत्यंचा खाचेला जुळवतो. वेताच्या किंवा बांबूच्या कांडीत खाच पेराजवळ घेतात आणि खाली दोऱ्याने किंवा स्नायुतंतूने आवळून बांधतात. नाहीतर पहिल्याच धक्क्याला कांडी उभी चिरते.

८/१७
येथे मुख्य मुद्दा येतो. खाच केवळ प्रत्यंचेला जुळून भागत नाही. ती ओढणाऱ्या हातालाही जुळावी लागते. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड मोर्स ह्याने १८८५ साली जगभरच्या बाण सोडण्याच्या रीतींचे वर्गीकरण केले. चिमटीत बाण धरणारी, अंगठ्याने ओढणारी, तीन बोटांनी ओढणारी अशा त्या रीती. चिमटीच्या रीतीत बाणाचे शेपूट गाठीसारखे फुगीर ठेवतात, हे त्याने नोंदवले. कारण तेथे बोटांना प्रत्यंचेपेक्षा बाणच धरायचा असतो.

९/१७
अंगठ्याच्या रीतीत अंगठा प्रत्यंचेभोवती आकड्यासारखा वळतो, आणि तर्जनीचे मूळ बाणाला बाजूने धनुष्याकडे दाबून धरते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला राहतो. हात प्रत्यंचेला किंचित पीळ देतो, आणि तो पीळ बाणाला जागेवर ठेवतो. घोडा उधळला तरी बाण ढळत नाही, तो ह्या दाबामुळे आणि तोंडाशी किंचित मिटलेल्या खाचेमुळे.

१०/१७
तीन बोटांच्या रीतीत सारे उलटते. बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला जातो. तर्जनी खाचेच्या वर, दोन बोटे खाली. पूर्ण ओढल्यावर प्रत्यंचेचा कोन तीव्र होतो आणि बोटे खाचेला दोन्हीकडून चिमटतात. म्हणजे दाबाची दिशा बदलली, पीळ बदलला, बाणाची बाजू बदलली. एका रीतीसाठी घडवलेला बाण दुसऱ्या रीतीत मुकाट्याने चालेलच, असे नाही.

११/१७
ह्या प्रकाशात एकलव्याकडे पाहावे. त्याचा केवळ एक अवयव गेला नाही. वर्षानुवर्षे एकट्याने घडवलेली हात, प्रत्यंचा, खाच आणि बाण ह्यांची सांधेजोड एका क्षणात मोडली. बाणाची बाजू, बोटांचा दाब, सोडण्याचा क्षण, सारेच नव्याने बसवणे त्याला भाग पडले. वेग गेला, हे महाभारताचे विधान म्हणजे ह्या मोडतोडीची नेमकी नोंद आहे. कथाकाराला धनुष्य ठाऊक होते. संदेश लिहिणाऱ्याला ते ठाऊक नाही.

१२/१७
राहिला 'जनक' हा दावा. बोटांनी ओढण्याची रीत युरोपात आणि भूमध्य समुद्राभोवती प्राचीन काळापासून होती. मोर्सने तिला नावच त्या समुद्राचे दिले. आजची स्पर्धात्मक तिरंदाजी मुख्यतः इंग्लंडच्या मंडळांतून वाढली. लंडनची टॉक्सोफिलाइट सोसायटी १७८१ सालची. ह्या परंपरेत तीन बोटे आली ती इंग्रजी लांब धनुष्यातून. तिचा हस्तिनापुराशी दुवा जोडणारा एकही पुरावा नाही.

१३/१७
पुरावा कसा असतो, हे पाहावयाचे तर 'मेरी रोझ' पाहावे. हे इंग्रजी युद्धनौकेचे नाव. ती १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली वर काढली गेली. तिच्यावर शेकडो नव्हे, हजारो बाण मिळाले. प्रत्यंचा कुजून गेल्या होत्या. पण बाणांच्या खाचा उरल्या. त्या खाचांच्या रुंदीवरून प्रत्यंचेची जाडी सुमारे तीन मिलिमीटर ठरली. शिंगाची पट्टी बसवून खाच चिरण्यापासून कशी वाचवत, तेही कळले. इतिहास असा खाचेतून वाचला जातो.

१४/१७
आणि 'आधुनिक तिरंदाज' म्हणजे तरी कोण? २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ह्यांनी एकाच दिवशी वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. दोघेही कंपाउंड धनुष्याचे खेळाडू. ह्या प्रकारात प्रत्यंचेला लहान फास बांधतात आणि तो हातातल्या यांत्रिक कळीने ओढतात; बोटे प्रत्यंचेला लागतच नाहीत. महाराष्ट्राच्या ह्या दोन जगज्जेत्यांपाशीच संदेशातील सिद्धान्त थांबतो.

१५/१७
मराठी भाषा मात्र अंगठा विसरलेली नाही. नेम धरणे ह्या अर्थी जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणत. त्यामागे फारसी 'शस्त' आहे. अंगठा आणि धनुर्धराच्या अंगठ्यातील कडे असे त्याचे अर्थ. बंदूक आली, धनुष्य मागे पडले, तरी बंदुकीचीही 'शिस्त'च धरली गेली. आपल्या मुलखात नेम आणि अंगठा हे इतके एकजीव होते. ज्याचा अंगठा गेला, त्याचे काय गेले, हे सांगायला हा एक शब्द पुरे.

१६/१७
सातपुड्यातील भिल्लांचा तीरकामठा ह्या चर्चेत केवळ दंतकथेपुरता आणला जातो. त्यांच्या बांबूच्या धनुष्याला प्रत्यंचाही बांबूच्याच पातळ पट्टीची असे. दोरीसाठी कोरलेली गोल खाच चपट्या पट्टीवर बसत नाही. तिचा आकार वेगळा लागतो. हे ज्ञान कोणी वरदान म्हणून दिले नाही. ते हातांनी कमावलेले आहे. 'एकलव्यामुळे ते अंगठा लावत नाहीत' ह्या एका वाक्यात त्या कारागिरीचे सारे श्रेय पुसले जाते आणि तिची तपासणी करण्याची गरजही संपते.

१७/१७
माणच्या शिवारात आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा आहे. त्याच मुळशीच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. खैरापासून काथ करण्याचे कसब ज्यांच्या नावात उरले, त्यांचे जंगल हातचे गेले. ह्याच तालुक्यात १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ज्याचे गेले त्यालाच 'तुझे भलेच झाले' असे सांगण्याची रीत मुळशीने पुरेशी पाहिली आहे. एकलव्याला जनकपद देणारा संदेश त्याच रीतीचा आहे. त्याचा सन्मान करावयाचा असेल, तर त्याचा अंगठा त्याच्याकडून घेतला गेला आणि त्याने त्याचे नुकसान झाले, एवढे प्रथम मान्य करावे.