वाचले, निसटले, पळाले

आदिलाबादेतील मराठी घराला दोन भाषांचे कान असतात. रणात पडलेल्या शिपायास आपला तेलुगू शेजारी 'अमरवीरुडु' म्हणतो, आपण 'हुतात्मा' म्हणतो. 'वीरगती', 'धारातीर्थी पडणे', 'कामी येणे' असे कितीतरी शब्द आपण मृतासाठी राखून ठेवले आहेत. जो परत आला, त्याच्या वाट्याला मात्र 'सुदैवाने बचावला' एवढेच येते. तेलुगूतही 'ब्रतिकि बयटपड्डाडु', म्हणजे जिवंत बाहेर पडला. जणू कोणास तरी आत टाकून आला!

पानिपताचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजी नाना फडणीस अवघे १८ वर्षांचे होते. ते जिवंत परतले, पत्नी वाचली, मातोश्री मात्र परतल्या नाहीत. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात नानांनी आपली भीती झाकून ठेवली नाही. महादजी शिंदे पायाला जन्माची जखम घेऊन आले. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचविले. मल्हारराव होळकरही परतले. जिवंत तिघेही राहिले. पण आपल्या सांगण्यात बहुधा महादजी 'वाचले', नाना 'निसटले' आणि मल्हारराव 'पळाले'. पुरावा मांडण्यापूर्वीच क्रियापद निवाडा देऊन मोकळे होते.

१९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर विकाराची नोंद केली, आणि इतर गेले असता आपण उरलो ही टोचणी त्याच्या लक्षणांत धरली. मराठीत अशा टोचणीस सर्रास 'अपराधगंड' म्हणतात. हा शब्द आम्हांस खटकतो. अपराध म्हटला की वाचक विचारणारच, याने केले तरी काय? पुष्कळदा त्याने काहीच केलेले नसते. गोळी शेजारच्याला लागली, इतकेच. 'सल' हा शब्द अधिक खरा वाटतो. काटा आत राहतो, त्यात ज्याला रुतला त्याचा दोष नसतो. 'रुखरुख' फार हलकी. ती लग्नातील मानपान राहून गेल्याचीही असते.

मात्र जवान स्वतःच 'माझ्यामुळे गेला' म्हणाला, तर लिहिणाऱ्याने तेथे आपला 'सल' घुसडू नये. त्याचे शब्द त्याचेच राहू द्यावेत.

आपल्याकडे शाळांतून १५ ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार होतो. यंदा परिचय लिहिणाऱ्या शिक्षकांनी 'मृत्यूच्या दाढेतून सुदैवाने सुटलेले' हे ठरीव वाक्य गाळावे. पलटणीचे नाव, सेवेची वर्षे आणि त्यांची इच्छा असल्यास न परतलेल्या सोबत्यांची नावे, एवढे वाचून दाखवावे.