त्यात काय आहे!

आपल्या लोकांजवळ एक वाक्य असं आहे, की ते उच्चारायला अक्कल, अनुभव किंवा पैसे यांपैकी काहीही जवळ असावं लागत नाही. ते वाक्य म्हणजे ‘त्यात काय आहे!’ गवयानं तीन तास गाऊन घाम पुसला, की मंडपाबाहेर चपला शोधताना कुणीतरी म्हणतोच, ‘आ करून बसायचं, त्यात काय आहे!’ पुरणपोळीबद्दल हेच वाक्य म्हणणारे सगळे पुरुष असतात आणि त्यांपैकी एकानंही पुरण वाटलेलं नसतं. इथवर मी सहन करतो. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसलेला माणूस बरंच सहन करू शकतो. ‘शिक्का मारायचा, त्यात काय आहे!’ हे मी रोज सरासरी चार वेळा ऐकतो, आणि शिक्का मारतो.

पण हातानं केलेली वस्तू उचलायची, उलटीपालटी करून बघायची, भाव विचारायचा आणि मग ती करणाऱ्याच्या तोंडावर हे वाक्य फेकायचं, हा प्रकार मला यापुढे सहन होणार नाही. त्याला कारण आमचे साडू, आणि एक फणसाचा वाडगा.

सध्या मी सावंतवाडीला असतो. या गावची लाकडी खेळणी आणि लाखकाम आपल्याला माहीत असेलच. चितारआळीतून नुसतं चालत गेलं तरी लाकडी केळी, सीताफळं, भोवरे, पोळपाट-लाटणी यांच्या रंगांनी डोळे दिपतात. आमच्या शाखेत एक वयस्कर कारागीर खातेदार आहेत. पासबुक भरून घ्यायला येतात तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातून लाकडाचा भुगा काउंटरवर सांडतो. एकदा मी विचारलं, “मला शिकवाल का?” त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नोटा मोजून मोजून गुळगुळीत झालेली ती बोटं त्यांना फारशी आशादायक वाटली नसावीत. पण म्हणाले, “येवा.” तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्यांच्या लेथपुढे उभा असतो.

लेथ म्हणजे काय, हे आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या लोकांना सांगितलं पाहिजे. साध्या सुतारकामात लाकूड गप्प पडून असतं आणि हत्यार फिरतं. इथे उलट. लाकूड गरागरा फिरतं आणि हत्यार धरून माणसानं गप्प उभं राहायचं. हे काम करणारा तो कातारी. आयटीआयमध्ये अजूनही या शाखेला हेच नाव आहे. सूत काढणं हेही कातणं आणि लाकूड असं घडवणं हेही कातणंच. पहिल्यानं राष्ट्रपिता होता येतं, दुसऱ्यानं मात्र साडूकडून ‘मशीनवर तर होतं, त्यात काय आहे!’ एवढंच ऐकून घ्यावं लागतं.

तेव्हा आधी या ‘मशीनवर तर होतं’चाच समाचार घेऊ. मशीन फक्त लाकूड फिरवतं. कणीक मळायची परात जशी पोळी करत नाही, तसंच ते. आठ इंची वाडग्याचं लाकूड मिनिटाला १००० फेरे घेतं, म्हणजे त्याचा काठ ताशी ३८ किलोमीटर वेगानं आपल्या नाकासमोरून धावत असतो. आता वाडगा आणि लाटणं यांतला फरक बघा. लाटण्याच्या लाकडाच्या रेषा लांबीला धरून असतात, त्यामुळे ते समजूतदारपणे सोललं जातं. वाडग्याच्या लाकडात त्या रेषा आडव्या जातात. म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोनदा मऊ बाजू समोर येते आणि दोनदा रेषांची कापलेली, राठ टोकं. मिनिटाला चार हजार वेळा लाकडाचा स्वभाव बदलतो, आणि आपल्या हातातल्या गोल पटाशीनं त्याची दखल न घेता सारखं एका लयीत चालायचं असतं. असा स्वभाव मी फक्त मार्चअखेरीस आमच्या शाखाधिकाऱ्यांचा पाहिला आहे.

पटाशी टेकवायचीही रीत आहे. धारेनं एकदम भिडायचं नाही. आधी धारेच्या मागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मूठ हळूहळू उचलत जायचं, की एका क्षणी धार आपोआप लागते आणि ओलं सालपट लांबच लांब सुटत जातं. वाडग्याच्या बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे यायचं, आतून कातताना काठाकडून मध्याकडे. उलट गेलं की रेषा उचकटतात. आणि नुसती धारच टेकली, तर पटाशी रुतते, धाड्‌कन आवाज होतो, खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात आणि लाकूड जागचं उखडून कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून तोंडावर जाळीची ढाल हवी. माझी पटाशी अशी रुतली की गुरुजी विडी बाजूला ठेवून एवढंच म्हणायचे, “सायबांनू, लाकूड फिरता हा. तुमी कित्याक फिरतास?” चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे वाक्य किती ठिकाणी लागू पडतं याचा विचार करत मी त्या रात्री जागा होतो.

ही सगळी करामत हातांची. पूर्वी तर वीजही नव्हती. एकानं दोरी ओढून लाकूड फिरवायचं आणि दुसऱ्यानं कातायचं. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याचं थडगं आहे, सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचं. त्यावर अशीच दोन माणसं कोरलेली आहेत. दोरी उलट्या बाजूनं ओढली जाई तेव्हा लाकूडही उलटं फिरे, म्हणजे अर्धा वेळ हत्यार मागे घेऊन थांबावं लागे. त्या थांबण्याच्या वेळात तिथलाही एखादा साडू भाव पाडत उभा असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता साडूंकडे वळतो. दिवाळीच्या सुट्टीत ते ठाण्याहून सहकुटुंब आले. गुरुजींकडे फणसाचा एक आठ इंची वाडगा होता. पिवळाधमक, फणसाचं लाकूड पुढे वर्षानुवर्षं मधाच्या रंगाकडे जातं. आतून चकचकीत, काठाला लाखेची एक तांबडी रेघ. (ही लाख ब्रशनं लावत नाहीत. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते, आणि मग वरून केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणायची. केवड्याचा असा उपयोग साडूंना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.) भाव आठशे. साडू म्हणाले, “लाकूडच आहे ना? त्यात काय आहे! चारशेला द्या.” आणि माझ्याकडे वळून डोळा मारला. या माणसानं त्याच सकाळी हॉटेलात पाण्याच्या बाटलीवर आणि टोलनाक्यावर निमूटपणे पैसे दिले होते. मासिक हप्ता कापला गेल्याचा संदेश आला, तर तो बँकेला ‘जरा कमी करा’ असं म्हणत नाही. घासाघीस करायची ती फक्त अशा माणसाशी, जो समोर स्टुलावर बसलेला आहे आणि ज्याच्याकडे छापील दरपत्रक नाही.

मी बी.कॉम. आहे. या पदवीचा उपयोग आयुष्यात कधी होईल असं वाटलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी झाला. गुरुजींना विचारून विचारून मी एका वहीत हिशेब मांडला. तो इथे देतो. साडूंनी तो वाचला नाही, निदान आपण वाचावा.

एका वाडग्याला लाकूड दीडशेचं. पॉलिश पेपर, लाख, वीज आणि सहाणेवर झिजणारं पोलाद मिळून सत्तर. म्हणजे २२० रुपये. वेळ, करवतीपासून चकाकीपर्यंत, सराईत हाताला तीन तास. (माझे दुप्पट-तिप्पट होतात, ते हिशेबात धरलेले नाहीत, कारण त्यांचा भाव कोणीच देणार नाही.) आता ओलं लाकूड एका दिवसात वाडगा होत नाही. आधी ते जाडंभरडं कातून ठेवायचं, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, आणि मग काही महिने वाळू द्यायचं. वाळताना लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त, त्यांच्या काटकोनात कमी. त्यामुळे गोल ठेवलेला वाडगा लंबगोल होऊन बसतो आणि पाचांतला एखादा तडकतोच. उरलेले चार पुन्हा लेथवर चढवून गोल करायचे.

म्हणजे पाच वाडग्यांचा खर्च ११००. विकले गेले चार. चारांचे बारा तास आणि तडकलेल्याचे दोन, एकूण चौदा. आठशेनं चार विकले तर ३२०० आले, खर्च वजा जाता २१०० उरले. भागिले चौदा, तासाला दीडशे रुपये. आमच्याकडे नळाचा वायसर बदलायला येणारा मनुष्य दहा मिनिटांचे याच्या दुप्पट घेतो, आणि त्याला ‘त्यात काय आहे’ म्हणायची साडूंची छाती नाही, कारण तो नळ तसाच सोडून जाईल.

आता साडूंचा भाव. चारशेनं चार म्हणजे १६००. खर्च तोच, ११००. उरले पाचशे. भागिले चौदा, तासाला पस्तीस रुपये एकाहत्तर पैसे. बघा, साडूंना वाटतं आपण किंमत निम्मी केली. किंमत निम्मी झाली खरी, पण फणस आपला भाव कमी करत नाही, पॉलिश पेपरही करत नाही. सगळी सूट एकट्या मजुरीतून जाते. मजुरी निम्मी न होता चौथ्या हिश्शाच्याही खाली आली. शिवाय कित्येक महिने वाळत पडलेल्या लाकडात अडकलेल्या भांडवलाचं व्याज मी अजून लावलेलंच नाही. ते लावलं असतं तर साडूंना एखादा रुपया परत मागावा लागला असता.

२०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली. सुतार आणि खेळणी करणारे दोघंही तिच्यात आहेत. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के. चांगली योजना आहे, अर्ज कुठल्या खिडकीवर चालतात तेही मी सांगू शकेन. पण सरकार पाच टक्क्यांनी देणार आणि साडू पन्नास टक्क्यांनी कापणार, या गणितात माणूस कितीसा टिकेल? गुरुजींचा मुलगा गोव्यात एका हॉटेलात स्वागतकक्षात बसतो. त्याच्या मागच्या भिंतीवर सावंतवाडीची लाकडी फळं सजावटीला लावली आहेत म्हणे.

इंग्लंडात बकलबरी गावी जॉर्ज लेली नावाचा एक कातारी होता. एल्मच्या एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे तो पायानं चालवायच्या लेथवर काढायचा. १९५८ साली तो गेला. त्याचा लेथ आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे, आणि तिथे कोणी ‘त्यात काय आहे’ म्हणत नसणार. संग्रहालयात लोक फार अदबीनं वागतात.

यावर साडूंचा शेवटचा बचाव असा, की “महाग वाटलं तर माणसानं काय बोलूही नये?” अहो, महाग वाटलं तर घेऊ नका. मलाही पुष्कळ वस्तू महाग वाटतात. त्या मी हळूच खाली ठेवतो आणि ‘छान आहे’ म्हणून पुढे जातो. स्टीलचा वाडगा साठ रुपयांना मिळतो आणि त्यात कढी उत्तम राहते. फक्त, आपला खिसा लहान आहे याची शिक्षा समोरच्याच्या कामाला लहान म्हणून देऊ नका.

‘पण तुमचा तर छंद आहे, तुम्ही आम्हाला एक फुकट करून द्याल!’ हे वाक्य त्याच बैठकीतलं, मेहुणीबाईंचं. माझा पहिला वाडगा सध्या कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून वाळतो आहे. दर रविवारी तो मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो, कारण वजन उतरायचं थांबलं की पाणी संपलं असं समजायचं. आमची ही विचारते, “रोज नवं सोनं येतं का घरात?” ओला होता तेव्हा ८१२ ग्रॅम भरला. मागच्या रविवारी ६१४. काल ६१०.