परराज्यास पत्र लिहिण्याचा अपराध

इ. स. १८३९ च्या सप्टेंबरांत साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस इंग्रजांनीं गादीवरून दूर केलें. त्यांवर जे आरोप ठेविले होते त्यांतील एक हल्लींच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं महाराजांनीं पत्रव्यवहार केला, हा तो आरोप. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान आणि कंपनीच्या पलटणींतील देशी अंमलदारांस फितविणें, हे दुसरे दोन. महाराजांनीं तिन्ही नाकारिले.

शेजारच्या राज्यास पत्र लिहिणें हा अपराध कसा, हें समजण्यास २५ सप्टेंबर १८१९ चा तह पाहिला पाहिजे. राज्य इंग्रजांनीं दिलें. परंतु परराज्यांशींच काय, आपल्या प्रजेबाहेरील सरदार-जहागीरदारांशींहि राजानें रेसिडेंटाच्या मध्यस्थीवांचून व्यवहार ठेवूं नये, असें त्यांत कलम घातलें. म्हणजे छत्रपतींनीं कृष्णाकांठच्या सांगलीकर पटवर्धनांस राजकारणाची चिठी धाडावयाची, तरी मध्यें साहेब उभाच! राज्य गेलें १८४८-४९ सालीं असें आपण मुलांस शिकवितों. आमच्या मतें तें या कलमाच्या शाईबरोबरच गेलें होतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. महाराजांविरुद्धच्या कारस्थानांत बाळाजीपंत नातूंचें नांव पुढें होतें, आणि परभूंच्या वेदोक्ताच्या तंट्यांत महाराज परभूंच्या बाजूस असल्यामुळें त्यांवर रुष्ट झालेल्या ब्राह्मणमंडळींत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धनहि होते. मंत्र कोणीं म्हणावे या वादांत आपल्या पूर्वजांनीं गोऱ्या रेसिडेंटाची कचेरी जवळ केली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा इतिहास मोठ्या माणसांनीं मुलांपुढें काढलेला नसेल. आमच्याहि घरीं तो निघाला नव्हता.

जो काढावयास हवा तो एका परभूचाच आहे. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते समुद्र ओलांडून लंडनास गेले आणि १८५३ पर्यंत तेथें राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत त्यांनीं धन्याची बाजू मांडली. जॉर्ज थॉम्सन, जोसेफ ह्यूम यांसारखे इंग्रज त्यांच्या बाजूस उभे राहिले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज यांनींहि महाराजांचा पक्ष घेतला. पण मतांची बेरीज कंपनीच्या बाजूचीच पडे. इकडे महाराज १८४७ सालीं काशीस कैदेंत वारले. त्यांच्या जागीं बसविलेले बंधु शहाजी १८४८ च्या एप्रिलांत निवर्तले, आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्क दत्तकाच्या बाजूचे असतांहि डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८५७ सालीं रंगो बापूजी जे परागंदा झाले ते सरकारास पुन्हां सांपडलेच नाहींत. त्यांच्या मुलास मात्र साताऱ्यास देहान्त शिक्षा झाली. सांगली संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. त्यास दत्तकाची अडचण आली नाहीं म्हणून, कीं दुसऱ्या कशामुळें, याचा विचार वाचकांनींच करावा.

आतां पहा. ३ ऑक्टोबर १९२३ नव्हे, २०२३ रोजीं महाराष्ट्र सरकारानें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशीं करार केला आणि तेथील वाघनखें तीन वर्षांच्या बोलीनें इकडे आलीं. २०२४ च्या जुलैंत तीं प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयांत ठेविलीं. त्यांच्या पेटीवरील लेखांत तीं साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यास पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाल्याचें लिहिलें आहे. तीं शिवाजीमहाराजांचींच, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयाचें म्हणणें आहे. १८१९ चा तह झाला तेव्हां साताऱ्यास रेसिडेंट होता तो हाच ग्रँट डफ. ज्या शहरास एके काळीं परराज्याशीं पत्र लिहिण्याची मोकळीक नव्हती, त्याच शहरासाठीं आमच्या सरकारानें परराज्याशीं सही केली, ती मात्र उसनवारीची.