चहा नव्हे, फांट

वस्तूचे नाव बदलले की तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही नकळत बदलते. अलीकडे घरोघरी शिरलेल्या ‘फुलांच्या चहा’चे असेच झाले आहे. त्या पेयाला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो त्याच्या नावाला. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, हे पुढील हकिगतीवरून ध्यानात यावे.

अमरावतीकडच्या माझ्या मावशीने ‘जास्वंदीचा चहा’ सुरू केला आणि महिनाभराने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करून टाकली. “अरे, फुलांचा चहाच तर आहे, त्यानं काय अपाय व्हायचाय?” हे तिचे म्हणणे. पुढे एके सकाळी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा वरचा दाब 180 वर गेला होता. मी तो डबा उघडून पाहिला. वर टपोऱ्या जास्वंदीचे चित्र, आत मात्र अंबाडीची वाळलेली बोंडे! जी अंबाडी मावशीच्या शेताच्या धुऱ्यावर दरवर्षी उभी असते, जिच्या पानांची भाजी आणि बोंडांची चटणी करण्यात तिचा जन्म गेला, तीच परक्या नावाने, भारी किमतीला तिच्या घरी परतली होती.

हा घोळ भाषांतराचा आहे. जास्वंद आणि लाल अंबाडी या एकाच ‘हिबिस्कस’ कुळीच्या, पण भिन्न वनस्पती. सुदान आणि इजिप्तमध्ये ‘करकदे’ या नावाने प्यायले जाणारे आंबट, लालभडक पेय अंबाडीचे. त्यात पडते तेही खरे म्हणजे फूल नव्हे. पाकळ्या गळून गेल्यावर फळाभोवती मांसल होत जाणारी ती निदले असतात. रक्तदाबावरील ज्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो, तोही अंबाडीवरच झाला. 2010 साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. 65 माणसे, सहा आठवडे, रोज तीन पेले. पेय घेणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी 7.2 ने उतरला, तर नुसते तशाच चवीचे पाणी घेणाऱ्यांचा 1.3 ने. परंतु या माणसांचा दाब किंचितच वाढलेला होता आणि त्यांना औषध चालू नव्हते. माझ्या मावशीची गोष्ट अगदीच निराळी. पुढे 2021 च्या कॉक्रेन आढाव्यानेही उपलब्ध पुरावा अपुरा असल्याचाच निर्वाळा दिला.

आता ‘चहा’ या शब्दाविषयी. चहा आपण पाहुण्यांना देतो, कंटाळा आला म्हणून घेतो; त्याला मात्रा नाही आणि पथ्यही नाही. आयुर्वेदात मात्र भरडलेल्या वनस्पतीवर ऊन पाणी ओतून गाळून घेतलेल्या द्रवाला ‘फांट’ असे नेमके नाव आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पनांपैकी ती एक. फांट म्हटले की किती, केव्हा आणि कोणी घ्यावा, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘चहा’ म्हटले की ते गळून पडतात. जे पेय रक्तदाब उतरवू शकते, असे आपण मानतो, ते औषधासोबत घेतल्यास दाब नको तितका उतरण्याचीही शक्यता मानली पाहिजे. गुण हवा आणि जबाबदारी नको, हे कसे चालेल?

याचा अर्थ या पेयात काहीच नाही, असा नव्हे. त्यात कॅफीन नसते. संध्याकाळचा दोन चमचे साखरेचा चहा सोडून कोणी ते बिनसाखरेचे घेत असेल, तर तेवढी साखर टळते. हा लाभ लहान आहे, पण खरा आहे. तो मोठा करून सांगितला की माणसे गोळ्या सोडतात.

असो. मावशी आता गोळी नियमित घेते. डॉक्टरांना विचारून धुऱ्यावरच्या अंबाडीचा एक पेलाही घेते. त्याला ती चहा म्हणत नाही, ‘अंबाडीचं पाणी’ म्हणते.