शून्य आणि रिकामी जागा

जमाखर्चाची वही ज्यांनीं नियमानें ठेविली आहे, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. एखाद्या दिवशीं दुधाच्या रकान्यांत शून्य मांडलें, तर त्या दिवशीं दूध घेतलें नाहीं असा अर्थ होतो. रकाना कोरा राहिला, तर घेतलें कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, एवढाच अर्थ होतो. महिनाअखेर कोऱ्या जागा शून्यानें भरून बेरीज केली तर हिशेब नीटनेटका दिसेल. पण गवळी दाराशीं उभा राहिला म्हणजे खरें काय तें कळेल. पावसाचा हिशेब ठेवणाऱ्या रडारच्या संगणकीय आज्ञावल्यांतही हीच चूक शिरते, आणि तेथें गवळ्याच्या जागीं पूर उभा असतो.

रडार आकाशांत सूक्ष्मलहरी सोडतें व पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचें बळ डेसिबेलच्या मापानें नोंदवितें. मुंबईस कुलाब्याला, आणि २०२२ पासून वेरावलीलाही, अशीं डॉप्लर रडारें आहेत. अमेरिकेंत तर सुमारें १६० रडारांचें जाळें आहे. त्या जाळ्याच्या मूळ नोंदींत ० आला, तर प्रतिध्वनि मोजण्याइतका नव्हता असें समजावयाचें. १ आला, तर प्रतिध्वनि आला पण किती अंतरावरून तें संदिग्ध. खरें माप २ पासून सुरू होतें. म्हणजे पहिले दोन आंकडे मापें नव्हेत, ते शेरे आहेत. शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेंत तयार झालेली ‘पाय-आर्ट’ ही सर्वांस खुली आज्ञावली असे शेरे झांकून ठेविते, हिशेबांत येऊं देत नाहीं. परंतु अशा कामांत नोंदी एका फंक्शनाकडून दुसऱ्याकडे जात असतात, आणि वाटेंत कोठें हें झांकण गळालें कीं शेरा मापांत मिसळतो.

उदाहरण घेऊं. चार नोंदींपैकीं तीन प्रत्येकीं ३२ डेसिबेलच्या आहेत. चौथी दिशा डोंगराआड गेल्यानें नोंद मिळालीच नाहीं. अशा जागीं उणे ९९९९ लिहिण्याची पुष्कळ ठिकाणीं वहिवाट आहे. झांकण गळालें कीं सरासरी सुमारें उणे २४७६ येते. हें उत्तर इतकें वेडगळ आहे कीं कोणीही दचकेल, आणि हाच त्याचा गुण. आतां कोणी घाईनें ‘दुरुस्ती’ करतो : उणे ९९९९ दिसल्यास तेथें शून्य घालावें. सरासरी २४ येते. दिसावयास सभ्य, पण खोटी. खरी ३२च आहे. मार्शल व पामर यांच्या नांवानें चालणाऱ्या सूत्राप्रमाणें ३२ म्हणजे ताशीं साडेतीन मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि २४ म्हणजे सव्वा मिलिमीटरही नव्हे. पावसाचा तिसरा हिस्साही कागदावर उरला नाहीं, आणि यंत्रानें कुरकूर केली नाहीं!

दिशांचीही तीच गत. ३५९ अंश व १ अंश या दोन्ही दिशा उत्तरेच्या अगदीं लगतच्या. पण साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण.

जाणता दुरुस्तीकार प्रथम आज्ञावलीस हात लावीत नाहीं. ज्याचें उत्तर बोटांवर काढतां येईल असें लहानसें गणित तो तिला घालतो, ती चुकते हें डोळ्यांनीं पाहतो, मगच दोष काढतो. पुढें तें गणित टाकून न देतां जपून ठेवितो. कोणीं एक ओळ बदलली तरी तें पुन्हा सोडवून घ्यावयाचें. तीन नोंदी ३२ च्या व एक जागा रिकामी, तर उत्तर ३२ आलेंच पाहिजे. चारही जागा रिकाम्या, तर उत्तरही रिकामेंच आलें पाहिजे.

आमच्या मतें ही शेवटची चांचणी सर्वांत महत्त्वाची. ओरडणारा दोष कोणीही शोधील. समजूतदार चेहऱ्याचा दोषच घात करतो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें वा सुना या व्यवसायांत आहेत, त्यांनीं जेवतांना सहज विचारून पाहावें : तुमची आज्ञावली ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणूं शकते काय? आणि त्यांनीं उलट आपल्या वहीविषयीं तोच प्रश्न केला, तर रागावूं नये.