ओट्यावरचा बैल

पोळा होऊन पंधरा दिवस झाले, तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून बैल गेलेला नाही. म्हणजे तो चालतोय, पण दिवसाला जेमतेम वीतभर.

आम्ही भिलाईला सेक्टर सहामध्ये राहतो. इथं पोळ्याला 'पोरा' म्हणतात. घरोघरी ठेठरी-खुरमी होते आणि बाजारात मातीचे नांदिया बैल येतात. पायांना भोकं, त्यातून काडी आणि काडीला मातीची चाकं. आमच्या सासूबाई भंडारा जिल्ह्यातल्या, त्यामुळे त्यांना तान्हा पोळ्याची सवय. दरवर्षी त्या एक बैल आणायला लावतातच. यंदा तो बैल पूजा झाल्यावर आमच्या लेकीनं उचलला आणि फोनसमोर ठेवला.

लेक अकरावीत आहे. तिला ॲनिमेशन आणि एडिटिंग शिकायचं आहे. भिलाईत हे वाक्य घरात उच्चारणं सोपं नाही, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. इथं मूल दहावी झालं की शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात, कोचिंग कुठलं? आमचे हे प्लांटमध्ये आहेत. त्यांनी लेकीच्या कोचिंगसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, आणि ती म्हणाली, तेच पैसे मला ॲनिमेशनच्या कोर्सला द्या. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मग मी आणि ती एका संस्थेत चौकशीला गेलो. नाव लिहीत नाही. काचेचं दार, मोठे पडदे, भिंतीवर हॉलीवूडचे चेहरे. फी एक लाख ऐंशी हजार आणि 'प्लेसमेंट पक्की'. मी विचारलं, तुमच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काही दाखवता का? त्यांनी एक झकपक व्हिडिओ लावला. लेकीनं माझ्या कानात सांगितलं, आई, हा मी आधीच पाहिलाय, परदेशातल्या एका स्टुडिओचा आहे. आम्ही चहा न घेता परत आलो.

रिक्षात मी तिला म्हटलं, पैशांचं नंतर बघू. आधी तुझ्याजवळ जे आहे त्यात अर्ध्या मिनिटाचं काहीतरी करून दाखव. मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळेल.

तिच्याजवळ फोन होता, बैल होता आणि माझा ओटा. फोनमध्ये तिनं स्टॉप मोशनचं एक ॲप घेतलं. बैल ठेवायचा, फोटो काढायचा, बैल किंचित सरकवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो एका सेकंदात धावले की बैल आपोआप चालल्यासारखा दिसतो. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो, पण पुष्कळ ॲनिमेशनमध्ये एकच चित्र दोनदा दाखवून बारावर भागवतात. मसाल्याच्या डब्यापासून गॅसपर्यंत बैल न्यायला चाळीस सेकंद धरले, तर चारशे ऐंशी फोटो. हा हिशेब ऐकून मी माझी कढई दुसऱ्या बाजूला नेली.

पहिला प्रयत्न बघितला तेव्हा सासूबाई हसून लोटपोट झाल्या. "काहून वं, तुझा बैल तर बर्फावरून घसरून राह्यला!" लेक म्हणाली, आजी, त्याला चाकं आहेत. "मंग बैल कायले म्हणते, गाडी म्हण."

तिथून खरं शिक्षण सुरू झालं. तिनं तारेचा सांगाडा वाकवला, त्यावर खेळण्यातली क्ले चढवली आणि चार पायांचा नवा बैल केला. त्याचे पाय ती मनानेच पुढं-मागं करत होती, आणि बैल कवायत केल्यासारखा दिसत होता. पुन्हा सासूबाई. त्यांनी लहानपणी वडिलांच्या मागं शेतात फिरताना बैल बघितलेले. म्हणाल्या, बैल आधी मागचा पाय उचलतो, मग त्याच बाजूचा पुढचा. मग दुसऱ्या बाजूचा मागचा, मग पुढचा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाजवळ पडतो. आणि मान प्रत्येक पावलाला खाली-वर होते, "मान नाही हालली तर तो बैल मेलेला."

लेकीचा विश्वास बसेना. आमच्या टाउनशिपच्या रस्त्यांवर गुरांची काही कमतरता नाही. ती संध्याकाळी फोन घेऊन बाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध डुलत चाललेल्या एका बैलाचं स्लो मोशनमध्ये चित्रण करून आली. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. आजी बरोबर होती. घोडा धावताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, या प्रश्नासाठी एडवर्ड मायब्रिजनं १८७८ साली अमेरिकेत कॅमेऱ्यांची रांग लावली होती. आमच्याकडे ते काम एका फोननं आणि एका म्हातारीनं केलं.

याच सुमारास मी दादासाहेब फाळक्यांबद्दल पुन्हा वाचायला बसले. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. पण फाळक्यांकडे मी 'भारतीय चित्रपटाचे जनक' म्हणूनच बघत आले. या वेळी मला ते विद्यार्थी म्हणून दिसले, तेही चाळिशी ओलांडलेले.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस जेजेत चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला. फोटोग्राफी केली, छापखान्याचा धंदा केला. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि ठरवलं की आपण हेच करायचं. मग सिनेमे बघण्याचा एवढा सपाटा लावला की डोळ्यांवर ताण येऊन दिसेनासं झालं. उपचार झाले, चष्मे लागले आणि नजर परत आली. (लेकीच्या डोळ्यांची काळजी करणाऱ्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावं आणि मुलांना दर अर्ध्या तासानं खिडकीबाहेर बघायला लावावं.) विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत. त्यांचा कोर्स म्हणाल तर एवढाच.

पण कर्ज देणाऱ्यांना नुसत्या कॅमेऱ्यानं कसं पटणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, बघता बघता वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या फिल्मचं नाव. ती बघून पैसे द्यायला माणसं तयार झाली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढं १९१५ साली त्यांनी आगकाड्या नाचवल्या. 'आगकाड्यांची मौज', म्हणजे आमच्या ओट्यावर चाललंय तसलंच काम.

सरस्वतीबाईंबद्दल वाचताना मात्र मी थांबले. दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. इथं एका ओट्याची अर्धी बाजू गेली म्हणून मी कुरकुरत होते!

कुरकुरीचं सांगायचं तर माझ्या हातून एक अपराधही झाला. एका सकाळी घाईत कणीक मळायला जागा हवी होती. मी बैल उचलून खिडकीत ठेवला. लेक दात घासत आली आणि तशीच उभी राहिली. "आई. दोनशे बारा." दोनशे बारावा फोटो झाला होता. बैल पुन्हा नेमक्या त्याच जागी, त्याच वळणात ठेवणं जमेना. सतरा सेकंदांचं काम गेलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प बसून पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू झाली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे नुसतं फोनचं वेड नाही.

नव्या खेपेला तिनं बऱ्याच गोष्टी सुधारल्या. आधीच्या चित्रणात उजेड लुकलुकत होता, कारण खिडकीतलं ऊन सरकतं आणि प्रत्येक फोटोत उजेड वेगळा येतो. आता पडदे बंद आणि एकच टेबल लॅम्प. फोन लोणच्याच्या बरणीला रबर बँडनं बांधला, म्हणजे बोट लागलं तरी हलायला नको. महिनाभर एका कुंडीसमोर कॅमेरा जसाच्या तसा ठेवायचा म्हणजे काय, हे मला त्या बरणीकडे बघून कळलं.

फोटो झाले आणि एडिटिंगची पाळी आली. आपल्याकडे त्याला 'संकलन' म्हणतात. मला वाटायचं, तुकडे एकापुढे एक लावले की झालं. प्रत्यक्षात रडारड कापण्यावरून झाली. बैल मधेच थांबून मागं बघतो, असा एक तुकडा होता. तीन रात्री घालवलेल्या. पण तो आला की सगळं रेंगाळायचं. तिनं तो काढला, परत घातला, परत काढला. चाळीस सेकंदांचे शेवटी सत्तावीस उरले. ते सत्तावीस चांगले होते.

आवाजाची गंमत वेगळीच. देवघरातली घंटा वाजवून बघितली, तर बैल आरतीला निघाल्यासारखा वाटायला लागला. सासूबाईंच्या ट्रंकेतून पितळी घुंगरू निघाले. दिवसा रेकॉर्ड करावं तर मागं मशिदीची अजान, शेजारच्या कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी. शेवटी रात्री दोनला पंखे बंद करून आम्ही तिघी घामाघूम होऊन घुंगरू वाजवत बसलो. मग तिनं एक युक्ती केली. पडद्यावर नुसता रिकामा ओटा, आणि घुंगरू ऐकू येतात. दीड सेकंदानं बैल येतो. आवाज आधी, चित्र मागून. एडिटिंगच्या भाषेत याला 'जे कट' म्हणतात म्हणे. खरं तर गावात बैलगाडी अशीच येते, आधी कानाला, मग डोळ्याला.

यांनी ती फिल्म नाइट शिफ्टहून आल्यावर बघितली. बूटही काढले नव्हते. एकदा बघितली, मग पुन्हा लाव म्हणाले. आणि एकदम त्यांना दूरदर्शनवरचं ते जुनं कार्टून आठवलं, 'एक अनेक और एकता'. आमच्या पिढीतल्या कुणाला ते आठवत नसेल तर नवल. ते १९७४ साली विजया मुळे या मराठी बाईंनी केलं, चित्रं भीमसैन यांची आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं, हे मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे याची नोकरी असते?"

असते. पण ती मिळते केलेल्या कामावर, हे लेकीनं बाबांना सांगितलं. महाग सॉफ्टवेअर लागतं, हा समज तिनंच खोडला. लाटव्हियासारख्या छोट्या देशातली 'फ्लो' ही मांजराची फिल्म २०२५ साली ऑस्कर घेऊन गेली, आणि ती ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनली आहे. तिच्या दिग्दर्शकानं, गिंट्स झिल्बालोडिसनं, आधीची 'अवे' ही फिल्म तर एकट्यानं केली होती.

घरात आता असं ठरलंय. बारावी नीट करायची, गणित सोडायचं नाही. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची 'डॅट' आणि आयआयटीतल्या डिझाइनच्या पदवीसाठीची 'यूसीड', या दोन्ही प्रवेश परीक्षा ती देणार. दोन्हींना कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात, हे आमच्यासारख्या कितीतरी पालकांना ठाऊकच नसतं. चित्रकलेचा पाया पक्का करायचा तर खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहेच, आणि ते आपल्याच भागात आहे. कोचिंगच्या पैशांतून एक सेकंडहँड कॉम्प्युटर येईल. उरलेले बँकेत. हे अजून पूर्ण राजी आहेत असं मी म्हणणार नाही. परवा कुणीतरी विचारलं, मुलगी काय करते, तर म्हणाले, "अभी तो बैल चला रही है." पण फोन काढून दाखवलाही त्यांनीच.

सध्या दुसरी फिल्म चालू आहे. बैल परत निघालाय, या वेळी पाठीवर गोणी आहे, आणि ओझं असलं की मान कशी खाली जाते यावर आजी-नातीचा रोज वाद होतो. ओट्याच्या डाव्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे, 'हात लावू नका, शॉट चालू आहे.' पोळ्या मी जेवणाच्या टेबलावर लाटते.