आठवा दिवस

मनात दया असली म्हणजे पुरे, असे तुम्हांला वाटते का? मला तसे वाटत नाही.

सन १६१७ मधील गोष्ट. फ्रान्समधील शातियोन गावात एक गरीब कुटुंब आजारी पडले. धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांनी चर्चमध्ये ही हकीकत सांगताच गावकरी अन्न घेऊन धावले. पण व्हिन्सेंट यांनी विचार केला, की आज आलेले पुष्कळ अन्न नासेल आणि उद्या त्या घरात पुन्हा उपवास घडेल. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांचे मंडळ स्थापन केले व प्रत्येकीला सेवेचा दिवस ठरवून दिला. पुढे १७३७ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

वर्गमित्र आजारी पडला, की पहिल्या दिवशी सगळेच भेटायला जातात. आठव्या दिवशी कोण जाते? तो दिवस तुम्ही आपल्याकडे घ्या.